एका चांदणीची श्रद्धांजली

पेडण्याच्या बाजारात माझे दुकान आहे, पण त्यावर पाटी नाही. दुसऱ्यांच्या पाट्या चमकवणारा स्वतःची लावायला विसरला, अशी लोक थट्टा करतात. खरी गोष्ट अशी की पाटीवर काय लिहायचे तेच मला इतक्या वर्षांत सुचलेले नाही. संपादकांनी फोन करून सांगितले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहून द्या, वाचकांना आवडतील. गमती आहेत. दोनतीन सांगतोही. पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला तयार झालो, तिच्यात गंमत नाही.

मी मूळचा डिचोलीचा. खाणीच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवायचो. खाण बंद पडली, ट्रक थांबले, आणि आमच्यासारखे काट्यावरचे लोकही जिथल्या तिथे थांबले. बायकोचे माहेर पेडण्याला, म्हणून इकडे आलो. कॉम्प्युटर येतो एवढ्या भांडवलावर बाजारात एक गाळा घेतला. सुरुवातीला वीजबिले भरून द्यायचो, दाखल्यांचे अर्ज भरायचो. मग किनाऱ्यावरच्या खोल्यावाल्यांनी मला या धंद्यात ओढले.

धंदा असा. मोबाईलच्या नकाशावर तुम्ही खानावळ शोधता किंवा राहायला खोली बघता. नावाखाली चांदण्या दिसतात, एकापासून पाचपर्यंत. त्याखाली आधी येऊन गेलेल्यांनी दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि मालकाने त्यांना दिलेली उत्तरे असतात. या सगळ्याला मी पान म्हणतो. हे पान नीट ठेवणे, फोटो घालणे, कोणी वाईट लिहिले तर त्याला गोड उत्तर लिहिणे, आणि पान वरच्या बाजूला दिसत राहील असे बघणे, हे माझे काम होते. माझी पुतणी पणजीला कॉलेजात शिकवते. ती म्हणते, काका, याला सोशल कम्प्युटिंग म्हणतात. पुष्कळ माणसे बोलतात, यंत्र ते गोळा करते, मोजते आणि निकाल देते. मी तिला म्हटले, हे काम आमच्याकडे तिठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, चालायचे. कोणाचे मासे ताजे, कोणाचा सुतार खोटारडा, कोणाच्या खानावळीत डाळ पातळ, सगळे तिठ्यावर ठरायचे. फरक एवढाच की तिठ्यावर बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. अमका वाईट बोलला तर त्याचे आणि दुकानदाराचे बांधावरून भांडण आहे, हे लोक मनात धरून चालत. यंत्राला बांध दिसत नाही. त्याला चांदण्या दिसतात.

हे मला पहिल्यांदा कळले हळर्णच्या एका माणसामुळे. काजूगर विकणारा शेतकरी, माल उत्तम, बोलणे त्याहून गोड. त्याचे पान मी बनवले आणि गावातल्या गिऱ्हाइकांना दोन शब्द लिहायला सांगितले. पहिले लिहिले गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी. लिहिले फार सुंदर, आणि चांदण्या दिल्या तीन. का, तर सुधारायला वाव असावा. त्यानंतर वीसेक लोकांनी लिहिले आणि सगळ्यांनी मोजून तीन दिल्या. मी एकाला विचारले, तुला काजूगर आवडले नाहीत काय? तो म्हणाला, "गुरुजींनी तीन दिली. आमी तेंच्यापेक्षा शाणे काय?" त्या काजूगरांवर आजही तीन चांदण्या आहेत. मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचो. तिच्यातून काय शिकायचे होते ते शिकलो नाही.

दुसरा धडा डिचोलीच्या एका हॉलवाल्याने दिला. त्याच्या नातवाचे बारसे होते. जेवणाच्या पंगतीत त्याने फर्मान काढले की हात धुऊन झाल्यावर प्रत्येकाने मोबाईल काढून हॉलला पाच चांदण्या द्यायच्या, मग विडा उचलायचा. एका दुपारी शंभरावर लोकांनी दिल्या. दोन दिवसांत यंत्राने त्या सगळ्या पुसून टाकल्या आणि पाहुण्यांनी खरोखर लिहिलेल्या दोनचार जुन्या ओळीही त्यांच्याबरोबर गेल्या. तो माझ्या दुकानात येऊन तणतणला, माझीच माणसे, खोटी कशी? मी त्याला समजावले की घोळक्याने केलेले काम यंत्राला संशयास्पद वाटते. करायचे असेल ते हळूहळू करावे, आज एकाने, चार दिवसांनी दुसऱ्याने. तो नियम मी त्याला कागदावर लिहून दिला होता. माझ्याच अक्षरात.

आता हरमलच्या सगुणभाईंकडे येतो.

सगुणभाई माझ्या दुकानात आले ते मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. होडीवरचा माणूस, खाऱ्या पाण्याची भीती अंगात मुरलेली. मासेमारी सोडून त्यांनी घराच्या बाजूला पाच खोल्या काढल्या होत्या आणि तिथे बाहेरचे प्रवासी राहायचे. त्यांच्या पानावर दोघांनी तक्रार लिहिली होती. मी म्हटले, काळजी नको, मी उत्तर लिहून देतो, माझा तो धंदाच आहे.

"माज्या घरात ऱ्हवान गेलेल्या माणसाक तू जबाब देतलंस?" ते म्हणाले. "तू तेका बघलंस तरी?"

मग मी त्यांना स्वतः लिहायला शिकवले. इंग्रजी त्यांना बोलता यायचे, रशियनमध्ये भाव ठरवता यायचा, पण लिहायचे म्हटले की मराठीच. हरकत नव्हती, वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत करून दाखवायचे काम यंत्र करते. संध्याकाळचा चहा झाला की ते घरापुढच्या सोप्यावर बसून एका बोटाने उत्तर लिहीत आणि मोठ्याने वाचत. त्यांची बायको, सत्यवती वैनी, तांदूळ निवडता निवडता ऐके आणि नको असलेला शब्द काढायला लावी. एका उत्तराला कधी दोन दिवस लागत. मी मंगळवारी हरमलला कामाला गेलो की सोप्यावर टेकायचो आणि नवे उत्तर ऐकायचो.

एका पाहुण्याने लिहिले होते की कोंबडा पहाटे फार ओरडतो. सगुणभाईंचे उत्तर: "कोंबड्याला सांगून पाहिले. त्याचा आजाही असाच होता. पुढच्या वेळी तुम्हाला मागची खोली देतो आणि कोंबड्याला पुढची." एका बाईने दोनच चांदण्या देऊन लिहिले होते की मालकीण एकदाही हसली नाही. त्यावर उत्तर: "त्या आठवड्यात तिची दाढ दुखत होती. मलाही तिने हसून दाखवले नाही. आता दाढ काढली आहे, तुम्ही येऊन खात्री करा." ती बाई पुढच्या मोसमात खरेच आली, वैनीसाठी कसलेसे दुखण्यावरचे मलम घेऊन. आणखी एकाला: "तुमची चप्पल इथेच आहे. पावसात भिजू नये म्हणून आत घेतली. घाई नाही."

माझी उत्तरे कशी असत तेही सांगतो. "आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." किनाऱ्यावरच्या निम्म्या धंद्यांच्या पानांवर हे एकच वाक्य होते, माझे. सगुणभाईंची उत्तरे वाचायला लोक पानावर येत आणि मग खोली घेत. नऊ वर्षांत एकशे तीसेक पाहुण्यांनी लिहिले आणि त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिले. पाच चांदण्यांत एका चांदणीचा दहावा हिस्साच काय तो कमी होता. मी नव्या गिऱ्हाइकांना त्यांचे पान दाखवायचो. माझी त्यातली कामगिरी शिकवण्यापुरतीच, तरी छाती माझी फुगायची.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट बजावायचो. पान आपले नसते, यंत्रवाल्याचे असते, ते कधीही जाऊ शकते, म्हणून महिन्यातून एकदा सगळे उतरवून ठेवा. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचे मी स्वतः उतरवून ठेवायचो. सगुणभाईंचे ठेवले नाही. ते गिऱ्हाईक राहिले नव्हते, घरोबा झाला होता, आणि घरच्या माणसाचे काम आपण उद्यावर टाकतो.

चवथ झाली, गणपती पोचवले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात सगुणभाई खोल्यांना रंग देता देता खाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टर यायच्या आत सगळे आटोपले होते. वय काही फार नव्हते. वैनीला मूलबाळ नाही. पाच खोल्या, सोपा आणि कोंबडा एवढेच मागे राहिले. स्मशानातून परत येताना मोसम तोंडावर आला आहे हे माझ्या मनात आले. ते मनात आले याची मला आजही शरम वाटते, पण आले.

पान ताजे राहिले तरच वर दिसते. काही दिवस त्यावर नवे काही आले नाही की ते खाली घसरते, आणि आता उत्तर लिहिणारा माणूस गेला होता. वाड्यावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, लोकांचा मोबाईलवर ग्रुप आहे, पाणी आले, वीज गेली, देवळात भजन आहे, असले निरोप द्यायला. तिसऱ्या दिवशी मी त्यावर लिहिले: "सगुणभाईंच्या पानावर सगळ्यांनी दोन शब्द लिहा. त्यांना श्रद्धांजली होईल आणि वैनीच्या खोल्यांनाही मदत होईल." कसे लिहायचे त्याची चित्रेही पाठवली. लोकांना वाटले, विनायकला, म्हणजे मला, किती कळवळा. कळवळा होताच. पण त्यात माझा धंदाही होता. साठ नव्या ओळी, साठ वेळा पाच चांदण्या, मोसमाच्या तोंडावर. हा हिशेब मी स्मशानाच्या वाटेवरच करून ठेवला होता. पाच द्या असे मात्र लिहिले नाही. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना ते सांगावे लागेल असे मला वाटलेच नाही.

पुढचे दोन दिवस मी मोप्याला एका टॅक्सीवाल्याच्या कामात अडकलो. परत येऊन पान उघडले तर त्रेपन्न श्रद्धांजल्या आल्या होत्या. त्रेपन्नच्या त्रेपन्न एकेका चांदणीच्या.

सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात आधी, नानांची होती. नाना म्हणजे सगुणभाईंचे थोरले चुलतभाऊ, पोस्टातून निवृत्त झालेले, भावकीत वडीलधारे. त्यांनी लिहिले होते: "सगुण, तू गेलास आणि वाडा पोरका झाला. आता परत भेट नाही. तुझ्या सोप्यावर बसायला मन होत नाही." त्याच्या वर एक चांदणी. मी स्कूटर काढली आणि तडक त्यांच्याकडे गेलो. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी विचारले, नाना, एकच कित्या दिली?

"चांदणी दिल्याबिगर तां फुडे जायना," नाना म्हणाले. "म्हणान एक दिली. नायतर तीवय दिवची नाय होती."

"पण पाच देवक होयी होती."

नानांनी चष्मा काढला. "सुतकात कोण आकाशकंदील लावता काय रे? मयताच्या घराक पाच चांदण्यो कशो देवच्यो?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला हळर्णचे गुरुजी आठवले. नानांनी एक दिली म्हटल्यावर वाड्यावरचा दुसरा कोण दोन देणार? जे लोक सगुणभाईंसाठी रडले होते, खांदा द्यायला पुढे आले होते, त्यांनीच एकामागून एक येऊन आदराने एकेक चांदणी टाकली होती. दुखवट्यातल्या माणसाने दागिना उतरवून ठेवावा तशी त्यांनी चार चार चांदण्या मागे ठेवल्या होत्या. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि त्याच वेळी मी मनात आकडा काढत होतो.

संध्याकाळपर्यंत साठ झाल्या. पान पावणेचारच्याही खाली आले. चाराच्या खालची पाने प्रवाशांना सहसा दिसतच नाहीत, ते आधीच चाराच्या वरचीच दाखव अशी गाळणी लावून शोधतात. त्याहून वाईट म्हणजे हल्ली यंत्र सगळ्यांचे लिहिलेले वाचून पानाच्या माथ्यावर स्वतः सार लिहिते. सगुणभाईंच्या पानावर सार आले: "अनेकांना इथे पोरके वाटले. इथल्या सोप्यावर बसावेसे वाटत नाही. परत भेट देणार नसल्याचे बरेच जण सांगतात." यंत्र खोटे बोलले नव्हते. लोकांनी लिहिले तेच त्याने सांगितले. कोण बोलतो आणि कशासाठी बोलतो, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

त्या आठवड्यात तिघांनी आधी ठरवलेल्या खोल्या रद्द केल्या. वैनीचे सुतक अजून फिटायचे होते. ती भिंतीला टेकून बसलेली असे. तिने मला विचारले, "लोक कित्याक येवचे नाय म्हणतत? ह्ये गेले म्हणान?" मी हो म्हटले. खरे सांगायचे धैर्य झाले नाही.

यंत्रवाल्यांना मी कळवले. सगळा प्रकार लिहिला, अगदी आकाशकंदिलासकट. उत्तर आले: आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. माझेच वाक्य मला परत मिळाले. पलीकडे माणूस नव्हताच.

मग एकच वाट राहिली. लिहिणाऱ्याने आपले लिहिलेले आपण पुसायचे. बाराव्याचे जेवण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून मी हरमलला घरोघरी फिरलो, लोकांना त्यांची श्रद्धांजली पुसायला सांगत. माझ्या नोकरीधंद्याच्या आयुष्यात यापेक्षा वाईट काम मी केलेले नाही.

शेवंतीकाकी सगुणभाईंच्या शेजारची. तिने नातीकडून लिहून घेतले होते. ती म्हणाली, "श्रद्धांजली परत घेवक जाता काय रे? मेलेल्याक काय वाटात?" मी म्हटले, काकी, पुसायचे नसेल तर त्याच्याच वर पाच चांदण्या करूया, शब्द राहू देत. ती माझ्यावर उसळली. "आता पाच देव? तो मेलो तां बरां झालां म्हणान?" मग पदराने डोळे पुसून तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसली. मी पुसले.

कोणी विचारले, वैनीला ठाऊक आहे काय? मी म्हटले, तिच्यासाठीच चालले आहे. कोणी काही न विचारता पुसले आणि चहाही विचारला नाही. आमच्याकडे हे फार मोठे बोलणे आहे. नानांकडे मी सर्वांत शेवटी गेलो.

"लिवताना माजो अर्दो दीस गेललो," नाना म्हणाले. "पुसूक कितको येळ लागतलो?"

"एक मिनीट, नाना."

"पूस," ते म्हणाले, आणि मी पुसेपर्यंत पडद्याकडे बघत राहिले.

चार दिवसांत साठच्या साठ पुसून झाल्या. घोळक्याने केलेले काम यंत्राला संशयास्पद वाटते, हळूहळू करावे, आज एकाने, चार दिवसांनी दुसऱ्याने. डिचोलीच्या हॉलवाल्याला मीच लिहून दिले होते. मला ते आठवले नाही असे नाही. आठवले. पण मोसम सुरू व्हायला दिवस उरले नव्हते आणि मला माझी चूक लवकर झाकायची होती. पाचव्या दिवशी सकाळी पान उघडले तर पान नव्हते. संशयास्पद हालचालींमुळे काढून टाकण्यात आले आहे, असे एका ओळीत लिहिले होते. पाच खोल्या, नऊ वर्षे, एकशे तीस पाहुणे, सगळे गेले.

मी वैनीकडे गेलो. ती आता उठूबसू लागली होती, खोल्यांतल्या चादरी उन्हात घालत होती. मी सोप्यावर बसलो नाही, उभाच राहिलो.

"वैनी, पान गेलां."

"खंयचां पान?"

"नकाशावरचां. खोल्यांचां. माज्यामुळा गेलां." आणि मी तिला सगळे सांगितले, स्मशानाच्या वाटेवरच्या हिशेबापासून.

तिने चादर नीट पसरली. "दुसरां करूक येयत मां?"

"येयत."

"मगे कर." ती पुढची चादर उचलायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. "आणि ह्येंनी लिवललां? तां तरी ऱ्हवला मां?"

मला तोपर्यंत हे सुचलेच नव्हते. मी चांदण्या मोजत होतो, गिऱ्हाइके कमी होऊ नयेत एवढेच बघत होतो. वैनीच्या नवऱ्याने आयुष्यात पत्र लिहिले नव्हते. फोटो दोनचार. आवाज कुठे साठवलेला नाही. त्याने लिहिलेले जे काही या जगात होते ते त्या पानावर होते, तिच्या समोर बसून लिहिलेले, तिने शब्द निवडून दिलेले. मी नाही म्हटले. तिने चादर खाली ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर आली नाही.

मी नंतर जे करता येईल ते केले. पाहुण्यांच्या वहीत फोन नंबर होते, त्यावर निरोप पाठवले की सगुणभाईंनी तुम्हाला उत्तर दिले असेल तर त्याची नक्कल पाठवा. बरेच नंबर बदललेले. दोघांनी उत्तर दिले. एकाने लिहिले की फार वाईट वाटले, पण काही जपून ठेवलेले नाही. दुसरी ती मलमवाली बाई. तिने विचारले की मालकीणबाईंची दाढ आता कशी आहे. उत्तर तिच्याकडेही नव्हते, पण तिला ते पाठ होते.

नवे पान बनवले. कोऱ्या पानाला कोण विचारतो? मोसम आला आणि गेला, पाचातल्या तीन खोल्या कुलूपबंद राहिल्या. वैनी एकटी किती दिवस रेटणार? यंदा तिने खोल्या बाहेरच्या एका कंपनीला चालवायला दिल्या आणि स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहते. कंपनीने घराला इंग्रजी नाव दिले, दारांना आकडे दाबायची कुलपे लावली. पाहुणा येतो, आकडे दाबतो, जातो, कोणाचे तोंड कोणाला दिसत नाही. सोपा तोडून तिथे स्कूटर लावायला जागा केली. कोंबड्याबद्दल तक्रार आली म्हणून वैनीने तो शेवंतीकाकीला देऊन टाकला. पानावरची उत्तरे यंत्र लिहिते, त्यासाठी त्यांना माझीसुद्धा गरज नाही. मी उत्तरे लिहिण्याचे काम सोडले. आता पुन्हा वीजबिले भरतो. नाना वाटेत भेटले तर बोलतात, पण आधी मी बोलावे लागते.

दर मंगळवारी मात्र मी हरमलला जातो. बाजारातून शंभर पानी वही नेली आहे. मागच्या पडवीत वैनी आणि मी बसतो आणि सगुणभाईंची उत्तरे आठवतो. जे आठवते ते मी लिहितो. शब्द चुकला तर ती थांबवते, तसे नव्हते, असे होते. कोंबड्याचे झाले, दाढेचे झाले, चपलेचे झाले. एकशे तिसातली नऊ झाली आहेत. मला वाटले होते की पुष्कळ आठवतील.

दहावे अडकले आहे. कोणीतरी समुद्राची फार स्तुती केली होती. त्यावर सगुणभाईंनी लिहिले होते: "समुद्राबद्दल माझे आभार मानू नका, तो माझा नव्हे. माझ्या घरात माझे म्हणण्यासारखे एकच आहे, ते म्हणजे", आणि पुढचे ना मला आठवत, ना तिला. दोन मंगळवार आम्ही तिथेच होतो. तिसऱ्या मंगळवारी मी घरून ओळ पुरी करून नेली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या नावाने उत्तरे लिहिली आहेत, सगुणभाईंच्या ढंगात एक ओळ मला जमणार नाही असे थोडेच आहे. चांगली जमली होती. वैनीचा त्यात उल्लेख होता, तिला बरे वाटेल असा. मी वाचून दाखवली.

तिने वही आपल्याकडे ओढून घेतली, माझी ओळ बोटाने दाबून वाचली आणि पेन मागितले.

"बरां लिवलंस," ती म्हणाली. "पण ह्यां तेंचां न्हय."

तिने "ते म्हणजे" पर्यंत ठेवले, पुढचे खोडले आणि वही मला परत दिली.